यंत्र सोनं ओळखत नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या मुलांवर सचित्र लेख आला होता. फोटो सुरेख होते. मजकुरात मात्र असं लिहिलंय की हे यंत्र वाळूखालचं सोनं ओळखून तसा आकडा पडद्यावर दाखवतं, बाकीचा कचरा आपोआप वगळतं आणि मग फक्त खणायचं राहतं. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत. लेख छापून आल्यापासून आमच्या वाडीतल्या पोरांनी घरबसल्या यंत्रं मागवली आहेत आणि रोज संध्याकाळी पुळणीत खड्डे पडतायत. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कृपा करून कापू नका. कापायचंच झालं तर कायद्याचा आणि कासवांचा भाग तेवढा ठेवा.

मी मालगुंडची. आमचं घरगुती न्याहारी-निवास आहे. मुलगा बोटीवर असतो. त्याने एका सुट्टीत हे यंत्र आणलं, आठवडाभर मिरवलं आणि तो परत बोटीवर गेला. यंत्र माळ्यावर गेलं. ते मी खाली काढलं एका पाहुणीसाठी. पुण्याची नवीन लग्न झालेली मुलगी, लाटांत खेळताना बोटातली अंगठी गेली. पाण्यात बोटं आकसतात, वर उन्हासाठी लावलेल्या क्रीमचा तेलकटपणा, अंगठी कधी सुटली ते कळतसुद्धा नाही. ती पोर रात्री जेवायला बसेना. ती अंगठी मिळाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी वाट बघत राहायला नको. पण त्या निमित्ताने यंत्र हातात आलं आणि आता आमच्याकडच्याच नव्हे, आसपासच्या घरांतल्या पाहुण्यांचं काही हरवलं तरी निरोप येतो, "वहिनी, जरा तुमचं ते घेऊन या."

आधी यंत्राला कळतं काय, ते. दांड्याच्या टोकाला जी थाळी असते तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून यंत्र सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतं, त्याने थाळीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात आणि ते आपलं स्वतःचं उलटं क्षेत्र उभं करतात. ते दुसऱ्या वेटोळ्याला ऐकू येतं. ते किती जोरात आलं आणि किती मागे पडून आलं, एवढ्या दोनच गोष्टी यंत्राला समजतात. चांदी, तांबं यांत प्रवाह सहज फिरतो आणि रेंगाळतो. चॉकलेटच्या चांदीसारख्या, म्हणजे खरं तर ॲल्युमिनियमच्या, पातळ वर्खात तो लगेच विरतो. या मागे पडण्याचं मोजमाप म्हणजे पडद्यावरचा शून्य ते नव्व्याण्णवमधला आकडा. नारळ घेताना आपण तो वाजवून बघतो, त्यात पाणी आहे की नाही ते कळतं, खोबरं गोड निघेल की नाही ते कळत नाही. यंत्राचं वाजणं तेवढंच. वस्तूचा धातू, जाडी, रुंदी, मिश्रण, ती वाळूत आडवी पडलीय की कडेवर उभी, या सगळ्याची गोळाबेरीज एका आकड्यात येते. 'सोनं' नावाचा आकडा कुठल्याही कारखान्याने अजून बनवलेला नाही.

आता त्या आकड्यांच्या वर छापलेल्या खुणा. माझ्या यंत्राच्या पडद्याच्या वरच्या कडेला ५, १०, २५ असे आकडे छापले आहेत. आमच्या वाडीतला एक मुलगा मला सांगत होता, "काकू, दहावर काटा आला, दहाचं नाणं असणार." अरे बाबा, ते सेंट आहेत. यंत्र अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेलं, तिथल्या नाण्यांवर बेतलेलं. त्यांचं पाच सेंटचं नाणं तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल अशा मिश्रणाचं, त्यात वीज फारशी वाहत नाही, म्हणून त्याचा आकडा मधल्या पट्ट्यात खाली येतो. त्यांचं दहा आणि पंचवीस सेंटचं नाणं आतून तांब्याचं, म्हणून तो आकडा वर. पाच सेंटच्या आजूबाजूलाच तिथल्या शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या आणि सोन्याच्या अंगठ्या वाजतात. तिथल्या लोकांची सगळी झटापट त्या पट्ट्याशी चाललेली असते. त्यांचे व्हिडिओ बघून आपली मुलं इथे वाळू उकरतात.

आपली नाणी निराळी. मी काय केलं ते सांगते, कुणालाही घरी करता येईल. पडवीत लादीखाली सळया आहेत, तिथे यंत्र नुसतं किंचाळतं. म्हणून अंगणातल्या सारवलेल्या खळ्यात लाकडी पाट ठेवला, हातातल्या बांगड्या काढल्या, आणि डब्यातली, देव्हाऱ्यातली, सासूबाईंच्या गाठोड्यातली नाणी एकेक करून पाटावर ठेवून वर थाळी फिरवली. वहीत तक्ता केला.

आज सर्वांत जास्त हरवतं ते रुपयाचं आणि दोनाचं नाणं. ही दोन्ही आता स्टेनलेस स्टीलची आहेत, लोहचुंबकाला चिकटतात. रुपया १९९२ पासून स्टीलचा झाला. माझ्या यंत्रावर स्टीलचा रुपया एका जागी बसत नाही, एकदा लोखंडाचा खर्ज, लगेच वरचा स्वर, पुन्हा खर्ज. यंत्र लोखंड वगळण्यावर ठेवलं की बहुतेक वेळा गप्पच. म्हणजे जो माणूस नाणी शोधायला निघून लोखंड बंद करतो, तो आपल्याच चालू नाण्यांवरून चालत जातो. नव्वदीतलं जाड पाचाचं नाणं आणि अकरा कोनांचं जुनं दोनाचं नाणं तांबं-निकेलचं, ते मधल्या पट्ट्यात शांत, स्थिर वाजतं. सोन्याच्या बऱ्याचशा अंगठ्याही नेमक्या तिथेच. हल्लीचं पिवळं पाचाचं त्याहून वर. दहाच्या नाण्याची बाहेरची कडी एका धातूची आणि आतला भाग दुसऱ्याचा, शिवाय जुन्या आणि नव्या नाण्यांत फरक, त्यामुळे आकडा दोन-चार घरं इकडेतिकडे. (दहाचं नाणं आमच्याकडे अजून काही दुकानदार घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेने कितीदा सांगितलं तरी. समुद्र मात्र बिनतक्रार घेतो.) ॲल्युमिनियमचे जुने दहा पैसे, वीस पैसे हातात पिसागत हलके, पण ॲल्युमिनियममधून वीज चांगली वाहते म्हणून आवाज वजनाच्या मानाने बराच वरचा. आणि सासूबाईंचा राणीछाप चांदीचा रुपया आणि एक झिजलेली तांब्याची शिवराई, ही दोन्ही पार वरच्या टोकाला, घंटेच्या आवाजात. ते ऐकून घरातलं मांजर पळालं.

हा तक्ता माझ्या यंत्राचा. दुसऱ्याच्या यंत्रावर आकडे वेगळे येतील, म्हणून मी तो छापायला देत नाही. ज्याने त्याने आपला करावा. चालू असलेलं एकेक नाणं, घरातली एक सोन्याची अंगठी, एक चांदीचं जोडवं, डब्याची कडी, बाटलीचं पत्र्याचं झाकण आणि जाळ्याची शिशाची गोळी, एवढं साहित्य आणि एक दुपार पुरते.

दागिन्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुरवणीतल्या लेखात नेमकं तेच नव्हतं. अंगठी वाजते ती ती पुरी कडी असते म्हणून. प्रवाहाला गोल फिरायला बंद वाट मिळते. तीच अंगठी एका जागी चिरली, नुसती केसाएवढी फट पडली, की आवाज एकदम पडतो आणि आकडाही खाली घसरतो. आपली जोडवी बहुतेक उघड्या टोकांची असतात. चांदीची म्हणून ती घंटेसारखी वाजतील असं वाटतं, पण दोन टोकं एकमेकांना टेकलेली नसतील तर जोडवं चांदीच्या नाण्याच्या कितीतरी खाली वाजतं. सोन्याच्या साखळीचं आणखी अवघड. साखळी दोन तोळ्यांची असली तरी यंत्राला ती अखंड दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते आणि बारीक कडीत प्रवाह तो किती फिरणार. बहुतेकदा वाजतो तो तिचा फासा. नथ तर मोती आणि तार, ती मी शोधायला जातच नाही, तसं स्पष्ट सांगते.

शिवाय कॅरेट. इंग्लंडात नऊ कॅरेटच्या अंगठ्या सर्रास, अमेरिकेत चौदा. आपल्याकडे बावीस, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. भेसळ वाढली की सोन्यातून वीज कमी वाहते. म्हणून व्हिडिओतला साहेब ज्या आकड्याला अंगठी म्हणतो, तिथे आपली तेवढ्याच जाडीची अंगठी येणार नाही, वर येईल. आणि आपली पातळ पत्र्याची, खड्याची, लहान मुलीच्या बोटातली अंगठी पार खाली, चॉकलेटच्या चांदीशेजारी. सोन्याचा पट्टा म्हणजे लोखंड संपतं तिथपासून तांबं सुरू होतं तिथपर्यंत सगळा, आणि त्या सगळ्या पट्ट्यात ॲल्युमिनियमचा कचरा बसलेला आहे. कचरा वगळला की सोनं वगळलं जातं. यातून सुटका नाही, मशीन कितीही महाग घ्या.

याचं एक ताजं उदाहरण. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीकडच्या एक आत्या आल्या होत्या, भाचीच्या कुटुंबाबरोबर. घोड्यावर बसताना त्यांची पोत तुटली. मणी वाळूत सांडले, एक वाटी पदरात राहिली, दुसरी गेली. काळे मणी काचेचे, ते यंत्राच्या खिजगणतीत नाहीत. वाटी पोकळ, पातळ पत्र्याची, आत लाख भरलेली. जागा नक्की माहीत होती, घोड्याच्या टापा होत्या. तिथे एक मुलगा आधीच यंत्र फिरवत होता, चांगलं नवंकोरं. तो माझ्यासमोर त्या जागेवरून दोनदा गेला, यंत्र गप्प. बघते तर त्याने नाण्यांचा मोड लावला होता. त्या मोडमध्ये लोखंड, चॉकलेटचा वर्ख, डब्याच्या कड्या सगळं बंद असतं. मी माझं यंत्र पूर्ण उघडं ठेवलं, काहीही न वगळता, आवाज वाढवला आणि गुडघे टेकून हातभर पट्टा हातभर पट्टा असं फिरवत गेले. पहिला आवाज चॉकलेटची चांदी. दुसरा गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा. तिसरा जेमतेम ऐकू येईल असा, आकडा अगदी वर्खाचाच, पण उभी फिरवली तरी तोच, आडवी फिरवली तरी तोच, आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ कडा असलेला. ओंजळभर वाळू चाळणीत घेतली, हलवली, आणि जाळीवर ती वाटी, मण्यांच्या दोन-तीन काळ्या ठिपक्यांसकट. आत्यांनी ती हातात घेऊन आधी दात लावून बघितली. मग मला विचारलं, "किती द्यायचे?" मी म्हटलं, "नारळ फोडा देवळात." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फोडला आणि चार घरी आणून दिले.

तेव्हा आकडा बघायचा तो शेवटी. आधी कान. कान कसा लावायचा तेवढं सांगते. थाळी वाळूला समांतर, बोटभर उंचीवर, सावकाश. झाडू मारल्यासारखी टोकांना वर उचलायची नाही. आवाज आला की त्याच जागी एकदा पूर्व-पश्चिम आणि एकदा दक्षिण-उत्तर फिरवायची. गोल वस्तू, म्हणजे नाणं, अंगठी, दोन्हीकडून सारखी वाजते. आडवा पडलेला खिळा एका बाजूने वाजतो, कधी टक-टक असा दोनदा, आणि दिशा बदलली की तुटतो किंवा गायब होतो. बाटलीचं पत्र्याचं झाकण सर्वांत लबाड. चपटं आणि गोल असल्यामुळे ते नाण्याच्या आकड्यात वाजतं. त्यावरून थाळी अगदी हळू मागे ओढा, वस्तू थाळीच्या काठाखाली येईल अशी. तिथे त्याचा खरा स्वभाव कळतो, शेवटी घर्र करून लोखंडाचा खर्ज निघतो. नाणं काठालाही गोडच वाजतं. स्टीलचा रुपया मात्र झाकणासारखाच घर्र करतो, तिथे माझाही इलाज नाही, खणायचं. मग थाळी हळूहळू वर उचला. चिंचोळा आवाज वीतभर उंचीवर विरला तर वस्तू लहान. गुडघ्यापर्यंत उचलूनही ठणाणा चालू असेल तर खाली डबा नाहीतर पत्रा आहे. पडद्यावरच्या खोलीच्या खुणेवर जाऊ नका. ती खूण वस्तू नाण्याएवढी आहे असं धरून काढलेली असते. बारीक अंगठी असेल त्याहून खोल दाखवते, डबा असेल त्याहून वर.

आमच्या वाळूचं आणखी एक दुखणं आहे. मालगुंड, गणपतीपुळ्याची कोरडी वाळू त्यातल्या त्यात सोज्वळ. रत्नागिरीत मांडवीला जा, ज्याला आम्ही काळा समुद्र म्हणतो, किंवा काळबादेवीला. तिथली काळी वाळू इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची, म्हणजे लोखंडाच्याच खनिजांची. साधा लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूवर फिरवा, काळी पूड मिशा फुटल्यासारखी चिकटते. अशा वाळूत यंत्राला जमीनच धातूसारखी भासते. चांगल्या यंत्रात जमीन जुळवून घ्यायची सोय असते. धातू नसलेली जागा बघून थाळी वर-खाली हलवायची आणि आवाज सपाट होईतो जुळवायचं. दर थोड्या अंतरावर परत. स्वस्त यंत्रात ही जुळणी कारखान्यातच एकदा करून कायमची बसवलेली असते, ती कोकणासाठी नसते. जिथे पऱ्या, म्हणजे ओहोळ, समुद्राला मिळतो तिथे जांभ्याचे खडे वाहून आलेले असतात, त्यांतही लोह भरपूर, तेही वाजतात. त्यांचा आवाज पसरट, कडा नसलेला, आकडा दर फेरीला नवा.

आणि ओली पट्टी. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. लाट ओसरली की तिथे एकाच वारंवारतेवर चालणारं साधं यंत्र बडबडायला लागतं. बरेच जण तेव्हा ते बिघडलं म्हणून घरी जातात. संवेदनशीलता कमी करा, थाळी एका उंचीवर ठेवा आणि लाटेला आडवं न जाता किनाऱ्याच्या रेषेला धरून चाला, म्हणजे ओल सारखी राहते. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रं तिथे बरी चालतात. स्पंद पद्धतीची, म्हणजे प्रवाहाचे तुटक ठोके सोडणारी, यंत्रंही चालतात, पण ती लोखंड आणि सोनं यांत फारसा भेद करत नाहीत, मग खिळे खणत बसा.

कुठे शोधायचं, हे यंत्राच्या पुस्तकात मिळत नाही. ते रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारा. जड वस्तू समुद्र एका ओळीत आणून टाकतो. अंगठी, नाणी, गोटे आणि पाग जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, सगळं एकाच सरीत सापडतं. शिसंही मधल्या पट्ट्यातच वाजतं. एका ठिकाणी गोळ्या लागायला लागल्या की मी तिथून हलत नाही, भले तोवर हाती शिसंच आलेलं असो. पावसाळ्यात समुद्र पुळण ओरबाडून नेतो, पुढे पावसाळा सरला की परत भरतो. मधल्या काळात, उधाणाने वाळू कापून नेल्यावर जो खालचा थर उघडा पडतो, तिथे जुनी नाणी मिळतात. वेळ साधायची तर तिथीची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सुकती बाराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सुकतीही लांबवर जाते, तेव्हा एरवी न दिसणारी पट्टी मिळते. गणपतीपुळ्याचा समुद्र फसवा आहे, दरवर्षी माणसं जातात. गुडघ्याच्या वर पाण्यात यंत्र घेऊन जाऊ नका, कानाला हेडफोन असताना तर नाहीच. लाटेचा आवाज येत नाही.

आता ज्या भागासाठी कात्री लावू नका म्हटलं, तो. हरवलेली अंगठी आणि जमिनीतलं धन या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालपरवा हरवलेल्या वस्तूला मालक असतो, ती त्याची. ती खिशात घालणं हा गुन्हा आहे. जुनं, पुरून ठेवलेलं काही मिळालं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर ते काय आहे, कुठे आणि कधी मिळालं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर त्यातला हक्क जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये ही रक्कम वाचून हसू येतं, पण कायद्यात तीच आहे. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत, त्यांच्या हद्दीत यंत्र नेऊन खणायचं मनातही आणू नका. १९९७ साली दिवेआगरला सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा मिळाला, ते सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. तिथे यंत्र नव्हतं, आळं खणत होते. आणि यंत्र असतं तरी ते वाजलं असतं पेटीच्या तांब्यासाठी. आतलं सोनं त्याला कळलं नसतं.

कासवांचं असं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले माद्या आमच्या किनाऱ्यांवर रात्री अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गावखडी ही नावं वर्तमानपत्रात येतात, पण घरटी इतरत्रही असतात. घरटं भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, फूट-दीड फूट खोल. पोरं नेमकी तिथेच फावड्याने खणतात. या महिन्यांत भरतरेषेच्या वर फावडं वापरू नये. हाताने, ओंजळीएवढंच, तेही चाळणी घेऊन. अंगठी कोरड्या वाळूत कालच पडली असेल तर ती वितीच्या आतच असते, त्याहून खोल जायचं कारण नाही. आणि खड्डा बुजवायचा. संध्याकाळी घोडे धावतात तिथे.

शेवटचं, त्या अँटेनावाल्यांविषयी. पितळी मुठीला दोन सळया लावलेलं, 'शंभर मीटरवरून सोनं दाखवणारं' असं एक यंत्र आमच्या शेजारच्या गावात एका भल्या माणसाने एका विक्रेत्याकडून घेतलं. किंमत सांगत नाही, त्याच्या घरच्यांना माहीत नाही. मुलाने त्याच्या डबीचे स्क्रू काढून बघितले, आत वेटोळं नाही, काही नाही, एक दिवा आणि एक बॅटरी. सळया हातातल्या थरथरीने फिरतात. गुप्तधनाच्या नावाखाली कुणी पूजा, बळी असलं काही सांगू लागलं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसांत जा. आपल्या दैनिकाने अशा जाहिराती घेऊ नयेत अशी विनंती आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर मी त्या पाहिल्या आहेत.

जाता जाता एक काम. तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात मालगुंडच्या बाजूला मला एक पुरुषी सोन्याची अंगठी मिळाली आहे. एका कार्यालयात ती जमा करायला गेले, तिथे माझीच उलटतपासणी झाली आणि दुपार गेली. पंचनामा करून, पोचपावती घेऊन ती जमा केली आहे, पण कुणी विचारायला आलेलं नाही असं कळलं. आतल्या बाजूला एक नाव आणि एक तारीख कोरलेली आहे. ज्याची असेल त्याने ते नाव आणि तारीख लिहून आपल्या दैनिकाच्या पत्त्यावर पत्र पाठवावं, पाकिटावर 'मालगुंड अंगठी' असं लिहावं. आपण ते माझ्याकडे पाठवलंत तर पावतीची प्रत मी लगेच देईन. फोन नंबर छापू नका, नावही नको. मे महिना तोंडावर आहे, मला खोल्यांचे पडदे धुवायचे आहेत.

आपली,
एक वाचक
मालगुंड, जि. रत्नागिरी